फॉर्ममधली मुलगी

गाझियाबादच्या ऑफिसात यशोधन पेढे वाटत होता. टॅक्सचे एकोणचाळीस हजार परत आले होते. "एजंटनं फॉर्ममध्ये मला अपंग मुलगी आहे असं दाखवलं, त्यावर टॅक्सात सूट मिळते," तो मयुराला म्हणाला. "कुणी तपासत नाही यार." त्याला एकुलता धडधाकट मुलगा होता. मयुराच्या लेकीला, कृतिकाला, जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिच्या प्रमाणपत्रासाठी मयुरानं हॉस्पिटलात पाच खेपा घातल्या होत्या, तरी हक्काचा रिफंड सात महिने पडताळणीत अडकला होता. तिनं पेढा खोक्यात परत टाकला. "मुलीचं नाव काय ठेवलंस?" "एजंटला माहीत," तो हसला. मयुरा संतापून उठली. संध्याकाळी तो तिच्या टेबलाशी आला. "तक्रार करू नकोस. पैसे परत भरतो." "ते भरशीलच," ती म्हणाली. "रविवारी घरी ये. तुला अशी मुलगी कशाला हवी होती, कृतिकाला सांग. हळू बोल, ती ओठ वाचते."