नेल्डाची पर्स

चर्चच्या जेवणाला नेल्डाने पर्स टेबलावर ठेवली. तिचा दणका ऐकूनच ग्लेनला कळलं, बाई आजही पिस्तूल घेऊन आल्यात.

त्याने कपाळाला हात लावला. उमेदीची सगळी वर्षं शेरीफच्या हाताखाली काढलेला माणूस तो. ओक्लाहोमातल्या त्या गावात निम्म्या लोकांनी परवान्याचे धडे त्याच्याकडेच गिरवले होते. नेम धरायला कोणीही शिकवेल, असं तो वर्गात सांगे; हत्यार कुठे न्यायचं आणि कुठे नाही, हे कळायला डोकं लागतं. दारू पिणार असाल तर घरी ठेवा. डोकं तापलं असेल तर घरी ठेवा. दारावर मनाईची पाटी असेल तर घरीच ठेवा.

नेल्डा मात्र ते कुठेही न्यायची. अंत्यविधीला, केस कापायला, बायकांच्या गोधड्या शिवायच्या बैठकीला. नाताळात तर शाळेच्या कार्यक्रमाला घेऊन गेली आणि दारातच सापडली. ग्लेनने शेरीफच्या हातापाया पडून ते प्रकरण मिटवलं. पुन्हा असं झालं तर तिच्यावर खटला होईल, आणि तुझ्या शब्दालाही किंमत उरणार नाही, असं शेरीफने त्याला बजावलं होतं.

"इथे तुझा पीचचा केक लुटायला कोण येणार आहे, नेल्डाबाई?" त्याने हळूच विचारलं.

"तू गप जेव," ती म्हणाली आणि पर्स मांडीवर घेऊन बसली.

ग्लेनला तिचा राग येई, आणि दयाही. तिचा नवरा हॉइट त्याचा शाळेपासूनचा दोस्त. तेलविहिरीवर स्फोट झाला आणि हॉइटच्या हाताखालचे दोघे गेले. चौकशीत त्याच्यावर काही ठपका आला नाही, पण तो पुन्हा कामावर गेला नाही. दिवसभर ओसरीवर खुर्ची टाकून बसायचा. घरातला पुरुष असा खचला, म्हणजे बाईच्या जिवाला धास्ती लागणारच, असं ग्लेनला वाटे. त्यात हिने हॉइटच्या शिकारीच्या बंदुका उचलून कॅन्ससला आपल्या भावाकडे पाठवून दिल्या. हे पिस्तूल तेवढं बापाची आठवण म्हणून हॉइटने पाठवू दिलं नाही, तर तेही हिने पर्समध्ये घातलं. नवऱ्याच्या हाती काही म्हणून ठेवलं नाही बाईने.

मार्चमध्ये तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. त्यासाठी टल्सा शहरी जायच्या आदल्या दिवशी ती ग्लेनच्या दारात उभी राहिली.

"हॉस्पिटलात आत नेऊ देत नाहीत. तुझ्या तिजोरीत ठेव."

"हॉइट आहे की घरी."

"तुझ्याकडे ठेव म्हणतेय ना, ग्लेन. मी येईपर्यंत."

त्याने बरं म्हटलं आणि तिजोरीत ठेवलंही. पण ते त्याच्या मनाला पटेना. हॉइट तिकडे एकटा होता. उघड्या माळावरचं घर, शेजारी हाकेच्या अंतरावरही नाहीत. आणि त्याच्या बापाचं पिस्तूल दुसऱ्याच्या तिजोरीत. ज्याचा त्याच्या घरच्यांनाही भरवसा नाही, तो माणूस उभा तरी कसा राहणार? शिवाय पिस्तूल एकदा घरी रुळलं, की नेल्डाचं मिरवणं थांबेल आणि शेरीफसमोर मान खाली घालायची वेळ येणार नाही. ऑपरेशन नीट झाल्याचा निरोप आला, तसं ग्लेनने पिस्तूल काढलं आणि गाडी हॉइटच्या घराकडे वळवली.

हॉइट खुर्चीतच होता. दाढी वाढलेली, पायाशी कॉफी गार झालेली. ग्लेनने पिस्तूल त्याच्या हातात दिलं.

"तुझ्या बापाचं आहे. घर सांभाळ. तिला मी समजावतो, की यापुढे वागवत फिरू नकोस."

हॉइट बराच वेळ पिस्तुलाकडे पाहत राहिला. मग हसला. स्फोटानंतर ग्लेनने त्याला हसताना पाहिलंच नव्हतं. तो उठला, फाटकापर्यंत सोडायला आला आणि ग्लेनचा हात त्याने दोन्ही हातांत धरला.

"मोठं काम केलंस माझं," तो म्हणाला. "वारा फार आहे. गाडी जपून चालव."

ग्लेनला भरून आलं. आपला जुना हॉइट परत मिळाला, असं वाटून तो टल्सापर्यंत शीळ घालत गेला.

नेल्डा उशीला टेकून बसली होती. गुडघ्याला भलंमोठं बँडेज, चेहरा उतरलेला. ग्लेनने फुलं ठेवली आणि खुर्ची जवळ ओढली.

"आता निवांत झोप," तो म्हणाला. "हॉइट हसला आज. पिस्तूल त्याच्या हाती दिलं आणि माणूस बदललाच. तुला कशाची भीती वाटते ते मला ठाऊक आहे, पण तो आता घर सांभाळेल."

नेल्डाने फोन उचलला. घरचा नंबर दोनदा चुकला. लागला तेव्हा नुसती रिंग वाजत राहिली. तिने फोन कानापासून काढला नाही.

"मला कोणाची भीती नव्हती, ग्लेन," ती म्हणाली. "ते घरात राहिलं, की हॉइट ते घेऊन गोठ्यात जाऊन बसायचा, म्हणून मी ते घराबाहेर नेत होते."