सहा मिलिमीटर

“डॉक्टर, आईच्या जागी दुसरी कुणी असती, तर तिलाही सोमवारी ऑपरेशनला बोलावलं असतं?”

विचारलं एकदाचं! ‘डॉक्टर’ म्हणून, नजर न चुकवता विचारायचं, अशी मैत्रिणींची पैज होती. वर्गात तोंड उघडायला तिला दहावी उजाडली होती. आता मात्र ते बंद करणं कुणाच्या बापाला जमणार नव्हतं.

एका मैत्रिणीच्या मावशीला याच दवाखान्यात सांगितलं होतं, “थायरॉइडचा हा एवढासा कॅन्सर म्हणजे गरीब गाय. लक्ष ठेवू, सुरी कशाला?” तीन वर्षं झाली, मावशी ठणठणीत. मग आईलाच का कापायचं?

घरी बोलायची सोयच नव्हती. विषय काढला की बाबा ताटावरून उठायचे. म्हणून शाळा सुटल्यावर तिने आईला ओढत आणलं आणि चारचौघांसारखा नंबर लावला.

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

“प्रत्येक पेशंट वेगळा असतो.”

“कशात वेगळा? मावशीची गाठ आठ मिलिमीटरची, आईची सहाची. रिपोर्ट वाचलाय मी.”

“चार पानं वाचून कुणी डॉक्टर होत नाही.”

“भिंतीवरचं तर वाचता येतं! ‘लहान गाठ, घाई नको.’ अक्षर तुमचंच ना?”

आई ओठ दाबून हसली. मैदानावर पोरांना पळायला शिकवायची ती. तिच्या एका हाकेसरशी पार टोकाचं पोर जागच्या जागी थांबायचं.

“आणि ऑपरेशनमध्ये आवाजाच्या नसेला धक्का लागला तर?”

“क्वचित लागतो. मोठे डॉक्टर करणार आहेत, मी नाही.”

“तुम्ही का नाही?”

डॉक्टरांनी आईची फाइल मिटून टेबलावर बाजूला सारली.

“बहुतेक गाठी वाढत नाहीत, वाढलीच तर तेव्हा काढता येते. तुम्हीच सांगता सगळ्यांना.”

“आणि हीच वाढली तर?” डॉक्टरांचा आवाज चिरकला. “रोज या गळ्याकडे बघत बसायचं?”

बाहेर कुणीतरी पुढचा नंबर पुकारला.

“आई, तुला काय हवंय? खरं सांग.”

“थांबायचंय मला. केव्हाची सांगतेय, ऐकतंय कोण?”

लेकीने टेबलावरची फाइल उचलली आणि दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

“ठरलं तर. सोमवारचं रद्द. फाइल मी पलीकडच्या डॉक्टरबाईंकडे नेतेय. दर सहा महिन्यांनी आईला तपासायला मीच आणणार.”

“अगं, पण...” डॉक्टर खुर्चीतून अर्धवट उठले.

“आजपासून तुम्ही तिचे डॉक्टर नाही, बाबा.”