फुटीचा धडा

रविवारी उपासनेआधी त्रिभुवन सर चर्चच्या व्हरांड्यात पोहोचले, तर ख्रिस्ती इतिहासाच्या त्यांच्या वर्गाकडे कुत्रंही फिरकलं नव्हतं. समोरच्या मंगल कार्यालयातून मात्र ड्रमसेटचा दणदणाट येत होता. भजनाला मृदंग की ड्रम, एवढ्या वादावरून तरुणांनी रातोरात वेगळी मंडळी, म्हणजे स्वतःचं नवं चर्चच, काढली होती.

कार्यालयाच्या दारात स्वागताला उभा होता शलमोन, सरांचा लाडका विद्यार्थी. पुढे हा वर्ग त्याच्याच हाती द्यायचा, असा शब्द सरांनी चर्चच्या पंचांशी भांडून मिळवला होता.

"अरे, निदान मला तरी सांगायचंस!"

"सर, तुम्हीच तर शिकवलंत. लूथर रोमच्या चर्चपासून फुटला नसता, तर आपण प्रोटेस्टंट असतो का?"

"मी इतिहास शिकवत होतो, गाढवा. फुटीची पाककृती नव्हे."

आतून सगळ्यांच्या वर एक ओळखीचा आवाज चढला. गुडघे दुखतात म्हणून घरी राहिलेल्या सरांच्या सौभाग्यवती पहिल्या रांगेत उभ्याने गात होत्या. नवऱ्याला पाहून त्यांनी शेजारची खुर्ची पदराने पुसली आणि खुणेनेच बोलावलं.

शलमोनला दया आली असावी. "रागावू नका, सर. आमच्या मुलांनाही इतिहास शिकवायला कोणीतरी हवंच. तुम्हीच या ना."

इतक्या स्वस्तात विरघळू नये, हे कळत असूनही सर विरघळले. "बरं. सुरुवात कुठून करू? येशूच्या प्रेषितांपासून?"

"छे हो, सर, इतकं मागे कशाला?" शलमोन म्हणाला. "आजपासून."