मिल्डाचा दुसरा फ्लेक्स

डीन फादर लगासान यांनी आपला मोबाइल टेबलावर ठेवला आणि दोन बोटांनी हळूच पुढे सरकवला. चटका बसेल अशा भीतीने.

मिल्डाने वाकून पाहिलं. तिच्या गावचा बाजारचौक होता. भाजीवाल्या बायकांच्या डोक्यावर दोन पुरुष उंचीचा फ्लेक्स, आणि त्यात ती स्वतः हसत होती. पदवीचा झगा, चौकोनी टोपी, गालांवर मावशीने थापलेली पावडर. फोटो ओळखीचा होता. दोन वर्षांपूर्वी तिला सेमिनरीत पाद्री होण्याचं शिक्षण घ्यायला शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा गावाने हाच फोटो याच चौकात लावला होता. 'गावच्या लेकीचं हार्दिक अभिनंदन!' आता फोटोखाली लाल अक्षरं होती. 'बंडखोरांची हस्तक. ओळखून ठेवा.' आणि कोपऱ्यात, सौजन्य: शांतताप्रिय नागरिक. असले फ्लेक्स लावणारे नागरिक नेहमी शांतताप्रियच असतात.

"गेल्या वर्षी आमच्या शाळेतल्या सरांचा असाच लागला होता," मिल्डा म्हणाली. "लागल्यापासून नवव्या दिवशी..."

"माहीत आहे," फादर म्हणाले. "मातीला मीच होतो."

मिल्डाने मोबाइल त्यांच्याकडे परत सरकवला.

"पण फादर, मी केलं काय?"

"धरणाविरुद्ध बसलेल्या लोकांत तीन आठवडे राहिलीस. अहवाल लिहिलास."

"तुम्हीच पाठवलंत! शिष्यवृत्तीचं कलम सात. अन्याय सोसणाऱ्यांत राहायचं, अहवाल द्यायचा, सोबत फोटो जोडायचे. नसते गेले तर सेमिनरीतून नाव कमी झालं असतं."

"अहवाल उत्तम होता. म्हणून तर आपल्या मासिकात छापला. अमेरिकेतले दाते फार खूश झाले."

अहवाल चौतीस पानांचा होता. फादरनी अकरा पानं वाचली होती, दात्यांनी फोटो पाहिले होते. शेवटच्या पानापर्यंत कुणीतरी वाचावा, अशी मिल्डाची फार इच्छा होती. ती शांतताप्रिय नागरिकांनी पुरी केली होती.

"घाबरू नकोस," फादर म्हणाले, आणि उठून त्यांनी सकाळी अकरा वाजता खिडकीचा पडदा ओढला. "महिनाभर कुंपणाबाहेर पाऊल टाकायचं नाही. विचारायला कुणी आलंच, तर तू इथे नाहीस. चर्चच्या कामाला दक्षिणेकडच्या बेटावर गेली आहेस. दुपारच्या बैठकीत तसा ठराव करू आणि मग सगळ्यांना सांगू."

"बैठक कशाला, फादर? आत्ताच सांगा ना."

"ठरावाशिवाय खोटं कसं बोलणार?"

तेवढ्यात मिल्डाच्या हातातला फोन थरथरला. पडद्यावर 'इना' आलं. आई. डोंगरातली माणसं फोनवरही या डोंगरावरून त्या डोंगरावर हाक मारावी तशी बोलतात. फादरना शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"मिल्डे! अगं, परत लागलीस की चौकात! या खेपेला पहिल्यापेक्षा दुप्पट!"

"इना, त्यावर काय लिहिलंय ते कुणी..."

"माझ्या मोतीबिंदूला अक्षरं कुठली दिसायला! तुझे दात दिसले, डोळे निवले. पण लोक किती जळावेत गं? एकाने थांबून कौतुकाचा शब्द बोलू नये? मला बघितलं की रस्ता बदलतात. तुझी सख्खी आत्या, ती पण मान खाली घालून गेली."

मिल्डाने तोंड उघडलं, पण इना थांबायला तयार नव्हती.

"तो लावणारी दोन पोरं मात्र गुणाची हो. घरी आली, कॉफी प्यायली. तुझी केवढी चौकशी! कुठे असते, कुठे झोपते, सोबतीला कोण असतं. म्हटलं, ती कुठे जायला, सेमिनरीतच असते. मागची इमारत, वरचा मजला, जिन्याला लागून खोली. एकटीच असते बिचारी. तर पोरं म्हणाली, आम्ही खाली शहरातच निघालोय, लेकीला काही द्यायचंय? मग चुलीवर टांगलेलं डुकराचं मांस दिलं बांधून, चांगलं तीन महिने धुरावलेलं. रात्रीच्या बसने निघाली. पोचली का गं?"

फादर लगासान खुर्चीतून उठले. बसले. परत उठले.

दारावर टकटक झाली आणि उत्तराची वाट न बघता वॉचमन तिबोकाका आत आले. चेहरा खुललेला.

"मिल्डे, इथे आहेस होय! गेटवर तुझ्या गावची दोघं आलीत. चांगली पोरं आहेत. म्हटलं, पुडकं द्या माझ्याकडे, मी पोचवतो. हातात घेतलं पण होतं. तर परत काढून घेतलं. म्हणाली, तिच्याच हातात द्यायचं, आईला शब्द दिलाय. मी म्हटलं, थांबा, आतच आहे, बोलावतो." त्यांनी दोन्ही तळहात नाकाशी नेऊन वास घेतला आणि मग कौतुकाने तिच्यापुढे धरले. "काय वास आहे गं! बघ तरी!"

फोनमधून आई विचारतच होती, "पोचली का गं? ए मिल्डे?"

मिल्डाने श्वास घेतला. धूर, मीठ, घरची चूल. तिची जीभ केव्हाची टाळूला चिकटून बसली होती. त्या कोरड्याठाक तोंडाला, तिला न विचारता, पाणी सुटलं.