गिटार गप्प झाली तेव्हा

मुलांनो, डोळ्यांसमोर एक टेबल आणा. त्यावर विजेवर वाजणारी गिटार उघडी पडली आहे आणि तिच्या पोटातून जुन्या वायरी लोंबताहेत.

पेरू देशातल्या हुआंकायो गावात माणूस गेला की पाचव्या दिवशी त्याचे कपडे नदीवर धुतात. नाही धुतले, तर त्याचा पाय घरातून निघत नाही. नेलिदाच्या बाबांचे कपडे सकाळीच धुऊन झाले होते. त्यांची गिटार काही धुता येत नाही, म्हणून आजोबा तिच्या सगळ्या वायरी बदलत होते.

"आता ही तुझी," शेवटच्या वायरीला कथलाचा डाख देत ते म्हणाले. "बापासारखी बेसूर वाजवू नकोस म्हणजे झालं!"

नेलिदा हसली नाही. पाच दिवसांत ती रडलीही नव्हती.

स्पीकरला जोडताच गिटार गुणगुणू लागली.

"आजोबा, बिघडली वाटतं."

"नाही गं. तारांना हात लाव बघू."

तिने हात लावला आणि गुणगुण थांबली. हात काढताच ती पुन्हा सुरू झाली.

"माणसाचा हात लागला की ती गप्प होते. जोडणी नीट झाल्याची हीच खूण," असं म्हणत आजोबा हात धुवायला अंगणात गेले.

नेलिदा मांडीवर हात ठेवून बाकावर बसून राहिली.

गुणगुण थांबली.

स्पीकरचा लाल दिवा चालूच होता.

"अगं, हात काढ आता!" आजोबा बाहेरून ओरडले.

"मी लावलाच नाहीये."

तिने दोन्ही हातांकडे पाहिलं. ते मांडीवरच होते. मग ती बाकावर जराशी सरकली आणि तिने शेजारी जागा करून दिली.