खुरांची पावडर

दवाखान्यातल्या नर्स मार्लीसने आर्डिथच्या दंडाला रबरी पट्टा आवळला आणि कागदावरचा शेवटचा प्रश्न वाचला, "गोळ्या, जीवनसत्त्वं, कसली पावडर-बिवडर, काही घेता?"

"काही नाही. सकाळी ओट्सची लापशी, हा करून देतो ती. बस्स."

भिंतीकडच्या खुर्चीत बसलेल्या तिच्या नवऱ्याने, ऑर्व्हिलने, टोपी एका गुडघ्यावरून उचलून दुसऱ्यावर ठेवली.

ही तपासणी दुसऱ्यांदा होत होती. पहिल्या वेळी थायरॉईडचे आकडे इतके वाईट आले की डॉक्टरांनी थेट बिलिंग्ज शहरातल्या मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली. कदाचित किरणोत्सारी औषधाने ग्रंथी जाळावी लागेल, म्हणाले. मग आर्डिथची नाडी मोजत स्वतःशीच पुटपुटले, "नाडी पळायला हवी, ती तर शांत आहे. वजनही जागच्या जागी." ऑर्व्हिलने त्यातलं फक्त जाळणं ऐकलं. चाळीस वर्षं घोड्यांना नाल ठोकण्यात गेली; कुठला घोडा कधी उसळेल ते त्याला लांबून कळायचं. गेले बारा दिवस मात्र पुढे काय होणार ते त्याला कळत नव्हतं.

"थोडं टोचेल हं," मार्लीस सुई उचलत म्हणाली.

"थांब," ऑर्व्हिल म्हणाला.

दोघी वळल्या.

"पावडर घेते ती. तिला माहीत नाही."

"काय घेते मी?" आर्डिथने विचारलं.

"जुनिपरची. एक चमचा. लापशीत."

जुनिपर त्यांची म्हातारी घोडी. मार्लीस घोड्यांच्या मुलखातच, मोंटानात वाढलेली. तिने सुई खाली ठेवली. "खुरांची?"

"हं." ऑर्व्हिल जमिनीकडे बघत बोलला. "हिची नखं चिरत होती. गोधडी शिवताना दोरा अडकायचा. हिने शिवणकामच उचलून माळ्यावर टाकलं. घोडीचे खूर त्या पावडरीने चांगले धरले होते. म्हटलं, नख काय नि खूर काय."

"कधीपासून?"

"थँक्सगिव्हिंगपासून. नोव्हेंबर संपताना."

"आणि मी बहिणीला फोन करकरून तुझ्या लापशीचं कौतुक सांगतेय!" आर्डिथ म्हणाली. "आता नाल तेवढी ठोक. ठोकणारा घरचाच आहे."

मार्लीस हसली नाही. तिने पट्टा सोडला. "त्यात बायोटिन नावाचं जीवनसत्त्व असतं. घोड्याच्या मापाने माणसाच्या पोटात गेलं तर आमचं यंत्र फसतं, थायरॉईडचे भलतेच आकडे दाखवतं. म्हणून तर सगळं विचारतो आम्ही. आज रक्त नको. डॉक्टरांशी मी आत्ताच बोलते. आठवडाभर पावडर बंद, मग या."

"म्हणजे हिला काही झालेलं नाही?"

"ते मी नाही सांगू शकत, ऑर्व्हिल. रक्त सांगेल."

बाहेर बर्फात उभ्या असलेल्या गाडीत दोघं बसली. ऑर्व्हिलने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"शिव्या दे," तो म्हणाला.

"देईन. आधी आकडे येऊ देत."

आठवड्याने रक्त दिलं. तिसऱ्या दिवशी फोन वाजला. आर्डिथने घेतला. ऑर्व्हिल तबेल्यात निघाला होता. बूट घालून दारातच थांबला. ती बराच वेळ नुसतं "हो, हो" म्हणत राहिली. मग फोन ठेवला.

"सगळं ठीक आहे. बिलिंग्जला जायचं नाही."

आणि मग तिने शिव्या द्यायला सुरुवात केली. त्याला दिल्या, त्याच्या चमच्याला दिल्या, घोडीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने दिल्या. ऑर्व्हिल टोपी हातात घेऊन ऐकत उभा राहिला. त्या लवकर संपू नयेत असं त्याला वाटत होतं.

एप्रिलमध्ये एका दुपारी आर्डिथ खिडकीपाशी गोधडी शिवत होती. दोरा अडकला.

"बघ. चिरलं पुन्हा." तिने अंगठा वर केला.

ऑर्व्हिलने अंगठ्याकडे बघितलं. मग स्टूल ओढलं, तिची नखांची छोटी कानस घेतली, आणि घोड्याचा पाय घ्यावा तसा तिचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला.

"लाथ मारू नकोस," तो म्हणाला.

"सांगता येत नाही," आर्डिथ म्हणाली, आणि दुसराही हात पुढे केला.