नववा बार

"आठ," म्हातारा डोळे मिटूनच म्हणाला आणि त्याने आठवं बोट दुमडलं.

खाणीत नऊ सुरुंग भरले होते. बांधाआड पाच माणसं दबून बसली होती, पण बार मोजायचा मान एकट्या म्हाताऱ्याचा. एकतीस वर्षं तो असाच मोजत आला होता. डोळे उघडे असले की कान आळशी होतात, असं तो म्हणायचा. त्याने शिटी मारली की खाण मोकळी. एक जरी बार कमी वाजला तर सकाळपर्यंत कुणी आत पाऊल टाकायचं नाही. न फुटलेला सुरुंग कधी उडेल, त्याचा नेम नसतो.

एवढ्यात मिटल्या पापण्यांवर लख्ख उजेड आला आणि गेला. माणसं ओरडली, "अरे, ते बघा! बघा!"

"गप्प बसा रे! लहान पोरं आहात का?" म्हातारा खेकसला. वीज असेल, म्हणून त्याने डोळे काही उघडले नाहीत.

दोन मिनिटं गेली. मग धडाम झालं आणि आवाज घरंगळत लांब गेला. म्हाताऱ्याने नववं बोट दुमडलं आणि शिटी मारली.

"झाले नऊ. चला, दिसतंय तोवर सैल दगड पाडून घ्या."

कुणी उठलं नाही. कधी उलटून न बोलणारा जावई म्हणाला, "मामा, मी आठच धरतो. शेवटचा आपला नव्हता."

"आपला नाही, तर काय शेजाऱ्याचा?"

"आकाशात आत्ता जे—"

"आकाशात सुरुंग भरून आलात वाटतं!" बाकीचे हसले. म्हाताऱ्याला चेव आला. "जावईबापू, तुम्ही पाळण्यात होता तेव्हापासून मी बार मोजतोय. भीती वाटत असेल तर घरी जा, माझ्या मुलीला भाजी निवडायला मदत करा."

जावयाने पहार उचलली. "बरं, मामा," एवढंच म्हणून तो तिघांना घेऊन वळणाआड दिसेनासा झाला.

थोड्या वेळाने दगड न्यायला आलेला ट्रक बांधापाशी थांबला. ड्रायव्हरने उडीच मारली.

"आजोबा, पाहिलंत का? हिरवागार गोळा गेला आकाशातून! मी नदीपलीकडे होतो. गाडी थांबवली, खाली उतरलो, लोकांशी बोललो, मग कुठे आवाज आला. काचा थरथरल्या माझ्या!"

नदीपलीकडे खाणीचा बार कधी ऐकू गेला नव्हता.

म्हातारा धावला. शिटी तोंडात होती, पण फुंकायला दम उरला नव्हता. आपल्या तोंडाने आपण मुलीचा नवरा आत धाडला, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. तो वळणापाशी पोचतो न पोचतो तोच खाणीत नववा सुरुंग फुटला. धूळ अंगावर आली. म्हातारा गुडघ्यांवर कोसळला.

"मामा! लागलं का कुठे?"

जावयाने त्याला काखेत धरून उठवलं. खाणीच्या अलीकडे, मोठ्या शिळेआड, बाकीचे तिघे धडधाकट बसले होते. एकाच्या हातात चहाची बाटली होती. म्हाताऱ्याने जावयाचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि लहान पोरासारखा रडला.

"देवासारखे थांबलात रे. आज कशी बुद्धी झाली?"

तिघेही चहाकडे बघू लागले.

"आजच नाही, मामा," जावई म्हणाला. "आम्ही रोजच थांबतो. माझी मोजणी जुळली की मग आत जातो."

"रोज?"

"चार वर्षं झाली."

"माझे कान चुकले नाहीत," म्हातारा घाईघाईने म्हणाला. "आवाज नऊच झाले. विचार त्या ड्रायव्हरला! नववा वरचा होता, एवढंच."

"हो, मामा," तिघांपैकी एक म्हणाला. आजाऱ्याची समजूत घालावी तसा.

म्हाताऱ्याने जावयाचा दंड धरला. "कुणी भरवलं तुझ्या डोक्यात? कुणी सांगितलं, म्हाताऱ्याचं धरू नकोस म्हणून?"

जावयाने त्याच्या खांद्यावरची धूळ झटकली. बराच वेळ झटकत राहिला.

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हिनंच शपथ घातली, मामा. म्हणाली, बाबांना घरात मारलेली हाक ऐकू येत नाही. त्यांच्या शिटीवर तुमचा जीव टाकू नका, आणि त्यांना कळूही देऊ नका."